कला महाविद्यालयातल्या मुलांना हातभार कसा लावायचा: फोंड्यातल्या एका फ्रेमवालीचं सांगणं

फोंड्यात आमचं फ्रेमिंगचं दुकान आहे. सासऱ्यांनी ते देवांच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटो मढवण्यासाठी काढलं. आता गिऱ्हाइकांत पणजीच्या आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयातली मुलं पुष्कळ असतात. 1972 साली सुरू झालेलं, गोवा विद्यापीठाशी संलग्न असलेलं हे महाविद्यालय. काणकोण, सत्तरी, पेडणे, डिचोली अशा सगळ्या तालुक्यांतून मुलं तिथे बीएफए, म्हणजे ललित कलेची पदवी करायला जातात. वार्षिक प्रदर्शन जवळ आलं की माझ्या काउंटरवर त्यांची रांग लागते. पदवी झाल्यावरही त्यातली बरीच येत राहतात, काकी म्हणून हाक मारतात, कामाचं बोलतात, पैशाचंही बोलतात. त्यामुळे कुठली मदत त्यांच्या खरंच कामी येते आणि कुठली नुसती कौतुकाची राहते हे मला जवळून बघायला मिळालं आहे.

सगळ्यात आधी सांगायचं ते हे. चार वर्षं शिकताना मुलाभोवती सगळं असतं. चुका दाखवणारे शिक्षक असतात, इझल मांडायला जागा असते, शेजारी काम करणारे मित्र असतात, काम पुरं करायची तारीख असते. शेवटचा निकाल लागला की हे सगळं एका दिवसात संपतं. घरात म्हणतात, शिकून झालं, आता कमव. मदतीची खरी निकड तिथून पुढची दोन-तीन वर्षं असते आणि लोक नेमका तेव्हाच हात काढून घेतात. हात उत्तम असलेली मुलं याच काळात रंगांचा डबा माळ्यावर टाकून मिळेल त्या नोकरीला लागलेली मी पाहिली आहेत. म्हणून तुमच्याकडे थोडेच पैसे, थोडाच वेळ असेल तर तो पदवीनंतरच्या मुलांसाठी ठेवा.

शिकत असताना

हे थोडक्यात सांगते. रंगांचा तयार संच भेट देऊ नका. बारा रंगांपैकी चार वापरले जातात आणि पांढरा सगळ्यांत आधी संपतो. त्यापेक्षा मुलाला यादी विचारा, नाहीतर जिथून तो सामान घेतो त्या दुकानात त्याच्या नावावर रक्कम जमा करून ठेवा. चांगला कागद कायम लागतो. पूर्ण इम्पीरियल म्हणजे 22 बाय 30 इंचांचा ताव महाग पडतो, आणि तो कदंबच्या गर्दीच्या बसमधून न दुमडता आणणं हे वेगळंच काम. तुमची गाडी रोज पणजीला जात असेल तर आठवड्यातून एकदा ड्रॉइंग बोर्डासकट त्या मुलाला नेऊन सोडा. ही मदत छोटी वाटेल, पण केपे-काणकोणच्या मुलांना विचारून बघा.

फीचा प्रश्न असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे, तिची चौकशी करा. पुष्कळ पालकांना वाटतं की ती फक्त इंजिनियरिंग-मेडिकलसाठी आहे. तसं धरून चालू नका. त्या वर्षाचे नियम आणि अभ्यासक्रमांची यादी कार्यालयात जाऊन बघा आणि फॉर्म भरायला मुलासोबत बसा.

वार्षिक प्रदर्शनाला जा. नुसतं ‘छान आहे’ म्हणून पुढे सरकू नका. एका चित्रासमोर थांबा आणि विचारा, हे किती मोठं करायचं हे आधी ठरलं होतं का, हा भाग दोनदा रंगवला का. कामाबद्दल विचारलं की मुलं मोकळी होतात. मग आवडलं असेल तर किंमत विचारा. विद्यार्थ्याचं चित्र विकत घेण्यात कमीपणा काहीच नाही. पहिलं विकलं गेलेलं चित्र घरच्यांचं मन जितकं बदलतं तितकं कुठलंही पारितोषिक बदलत नाही.

काम द्या, पण नीट द्या

आमच्याकडे कलाकाराला कामाची कमतरता तशी नाही. चवथीच्या आधी दोन महिने चित्रशाळांत मूर्ती रंगवायला हात लागतात. दिवाळीत वाड्यावाड्यावर नरकासुर उभे राहतात आणि त्यांचे मुखवटे कुणीतरी करायचे असतात. शिगम्याच्या चित्ररथांना, जत्रेतल्या नाटकांच्या नेपथ्याला, देवळाच्या सभामंडपाला, हॉटेलच्या भिंतीला, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला चित्रकारच लागतो. अडतं ते दामापाशी. ‘आपल्याच गावचा मुलगा’ म्हटलं की त्याला जेवण, शाल आणि नारळ मिळतो. मंडपवाल्याला, ध्वनिक्षेपकवाल्याला आणि आचाऱ्याला मात्र ठरलेले पैसे ठरल्या दिवशी मिळतात. देवाच्या कामाला पैसे कसे मागायचे म्हणून मुलगाही गप्प राहतो. सेवा म्हणून त्याला स्वतःकडून काही द्यायचं असेल तर ते त्याने ठरवावं, आणि आपल्या बिलातून स्वतःच्या हाताने वजा करावं. समितीने त्याच्या वतीने सेवा ठरवू नये.

एक उदाहरण पूर्ण उलगडून दाखवते, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. समजा तुम्ही एखाद्या मंडळाचे चिटणीस आहात आणि सभागृहातली 12 फूट बाय 8 फुटांची भिंत रंगवून घ्यायची आहे. चौरस फुटाचा भाव विचारत सुटू नका. त्या भावात आकाशही येतं आणि चाळीस माणसांची पालखीही येते, आणि दोन्हींना लागणारा वेळ सारखा नसतो. दिवसांनी हिशेब करा. आराखड्याला 3 दिवस, भिंतीवर 9 दिवस, मिळून 12. रोजचे 1,500 धरले तर 18,000. मदतनीस 5 दिवस, 800 प्रमाणे 4,000. प्रायमर, रंग, ब्रश 7,000. परांची 3,000. येणंजाणं 1,500. एकूण 33,500 रुपये. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या गावात ते वर-खाली होतील. पण त्या भिंतीला गिलावा करणाऱ्या गवंड्याला जो रोज दिलात त्यापेक्षा चित्रकाराचा रोज कमी निघत असेल तर हिशेब पुन्हा करा.

आगाऊ रकमेतून निदान सामान आणि परांचीचा खर्च निघालाच पाहिजे. नुकता पदवी घेतलेला मुलगा स्वतःच्या खिशातून दहा हजारांचं सामान आणू शकत नाही. मग तो हलका रंग आणतो आणि दोन पावसाळ्यांत भिंत फिकी पडते. बाहेरची भिंत असेल तर काम पाऊस ओसरून भिंतीचा चिरा, म्हणजे जांभा दगड, नीट सुकल्यावरच काढा. ओल्या चिऱ्यावर कितीही महागडा रंग लावला तरी त्याला फोड येतात.

आता कागद. वकील लागत नाही. असं चार ओळींत लिहून दोघांनी सही केली तरी पुरे:

‘सभागृहाच्या पूर्वेकडील भिंतीवर 12 फूट × 8 फूट आकाराचं चित्र काढण्याचं काम श्री./श्रीमती अमुक यांना देण्यात येत आहे. एकूण रक्कम 33,500 रुपये. त्यांपैकी 13,500 आगाऊ, 10,000 आराखडा भिंतीवर उतरल्यावर, उरलेले 10,000 काम पूर्ण झाल्यापासून 15 दिवसांत. आराखड्यात दोनदा बदल सुचवता येतील. त्यापुढच्या बदलांचे पैसे वेगळे ठरतील. चित्राखाली चित्रकाराचं नाव आणि साल राहील. चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. मंडळाला चित्राची छायाचित्रं स्वतःच्या पत्रिकेत आणि अहवालात छापता येतील. भिंत पुन्हा रंगवायची किंवा पाडायची झाल्यास चित्रकाराला 30 दिवस आधी कळवलं जाईल.’

कॉपीराइटची ओळ मुद्दाम घातली आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे कुणी पैसे देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरवलं नाही, तर पहिला मालकी हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. तयार चित्र विकत घेतलं तर गोष्ट निराळी. तेव्हा चित्र तुमचं होतं, कॉपीराइट चित्रकाराचाच राहतो, आणि ते चित्र टी-शर्टवर किंवा कॅलेंडरवर छापायचं असेल तर त्याला विचारावं लागतं. हा फरक इथल्या दुकानदारांना, हॉटेलवाल्यांना आणि खुद्द मुलांनाही माहीत नसतो. कॉपीराइट द्यायचाच असेल तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि कागदात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. मुलांना एवढं सांगितलं तरी ती कुठल्याही कागदावर डोळे झाकून सही करत नाहीत.

शेवटची, भिंत पाडण्याची ओळ काही समित्यांना खटकते. त्यांना मी अमरनाथ सेहगल यांचा खटला सांगते. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प 1979 साली त्यांना न विचारता काढलं गेलं आणि त्याची मोडतोड झाली. ते न्यायालयात गेले. 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला सांगितले आणि 5 लाख रुपये भरपाई ठरवली. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं, तरीही. कलाकाराचा आपल्या कामाशी असलेला हा संबंध कायद्याच्या कलम 57 मध्ये आहे आणि विक्रीने तो तुटत नाही.

बदल सुचवण्याबद्दलही एक सांगायचं आहे. समितीत अकरा माणसं असतील तर बोलायला एकाला नेमा. एक महाजन येऊन पितांबर पिवळा कर म्हणतो, दुसरा संध्याकाळी केशरी म्हणतो, आणि मुलगा तीच भिंत तीनदा रंगवतो. आराखड्यावर सगळ्यांनी हवं ते बोलावं, भिंतीवर रंग चढला की बोलणारा एकच.

चित्र मढवताना आणि पावसाळ्यात

हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर. गोव्यात चित्राचा खरा शत्रू जून ते सप्टेंबरची हवा. मुलं वर्षभर केलेलं काम पलंगाखाली गुंडाळून ठेवतात आणि चवथीला घर झाडताना काढतात तेव्हा कागदावर तपकिरी ठिपके पडलेले असतात. ती बुरशी. एकदा धरली की पुरती जात नाही.

कागदावरचं काम मढवायला आणलंत तर काच कागदाला कधीही टेकू देऊ नका. मधे माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड बोर्डाची चौकट हवी, किंवा कडेने पट्टी हवी. टेकली तर दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना रंगासकट सोलून निघतो. माउंट आम्लरहित बोर्डाचा मागा. साध्या पुठ्ठ्याचा असेल तर काही वर्षांत कागदाच्या कडा पिवळ्या पडतात. मागे एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड घालू नका, ते पाणी पिऊन फुगतं. चांगल्या प्लायला थोडे जास्त पैसे पडतात, ते द्या. मागची बाजू कागदी टेपने पूर्ण बंद करून घ्या आणि खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची बटणं लावून घ्या, म्हणजे फ्रेम भिंतीपासून सुटी राहते आणि मागून हवा खेळते. लांब न्यायचं असेल तर काचेऐवजी ॲक्रिलिक बरं, हलकं असतं आणि फुटत नाही. कोळशाच्या किंवा पेस्टलच्या कामाला मात्र काचच घाला. ॲक्रिलिकवर स्थिर वीज साठते आणि ती कोळशाची पूड कागदावरून ओढून घेते. एका मुलीचं कोळशात केलेलं आजीचं चित्र असंच दुसरीकडे ॲक्रिलिकमध्ये मढवून माझ्याकडे आलं होतं. डोळ्याखालची सावली पुसट होऊन समोरच्या ॲक्रिलिकला लागली होती.

कॅनव्हासवरच्या तैलचित्राला काच नको. पावसात कॅनव्हास सैल पडतो आणि मुलं घाबरून तो खेचून पुन्हा ठोकायला आणतात. मी त्यांना थांबवते. पावसात ताणलेला कॅनव्हास डिसेंबरच्या कोरड्या हवेत जास्तच ताठतो आणि रंगाला तडे जाऊ शकतात. चौकटीच्या कोपऱ्यांत पाचरी असतील तर त्या हलक्या ठोकाव्यात, नाहीतर पाऊस संपेपर्यंत वाट पाहावी.

घरी लावताना नैर्ऋत्येची भिंत टाळा. पावसाचा मारा तिथेच बसतो आणि चिऱ्याची भिंत आतून ओलावते. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 57 ते 60 इंचांवर आला की उभ्या माणसाला ते नीट दिसतं. आमच्याकडे तसबिरी छताजवळ लावायची सवय आहे. देवांना ते शोभतं, चित्राला नाही.

प्रदर्शनासाठी मढवणं हा मुलांच्या खर्चातला मोठा वाटा असतो. माझ्यासारख्या दुकानदारांना सांगणं आहे की दहा चांगल्या फ्रेमा ठरलेल्या मापाच्या करून ठेवा, समजा अर्ध्या इम्पीरियलच्या म्हणजे 15 बाय 22 इंचांच्या कामासाठी, आणि त्या मुलांना प्रदर्शनापुरत्या भाड्याने द्या. चित्र विकलं गेलं तर फ्रेमचे पैसे घ्या, नाहीतर फ्रेम परत. मी हे करते आणि दुकान बुडालेलं नाही.

पदवीनंतरची कागदपत्रं

मुलांना चित्र येतं, बिल येत नाही. तुमच्या घरात कुणी बँकेत, लेखा खात्यात किंवा सीएकडे काम करणारं असेल तर त्यांनी एका शनिवारी दोन तास द्यावेत. चार-पाच जणांना एकदम बसवून दाखवावं. बिलावर क्रमांक, तारीख, कामाचं वर्णन, रक्कम, पॅन आणि बँकेचा तपशील कसा लिहायचा. एखाद्या कंपनीने पैसे देताना टीडीएस, म्हणजे आधीच कर कापला असेल तर तो 26 एएस या आयकर खात्याच्या नोंदीत कसा बघायचा आणि विवरणपत्र भरून परत कसा मिळवायचा. करपात्र उत्पन्न नाही म्हणून विवरणपत्रच भरलं नाही आणि कापलेला पैसा तसाच राहिला, असं पुष्कळांचं होतं.

जीएसटीची भीती उगाच असते. राज्यातल्या राज्यात काम करणाऱ्याची वर्षाची उलाढाल सेवांसाठी 20 लाखांच्या आणि फक्त वस्तूंसाठी 40 लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. गोव्याबाहेर चित्रं विकायची असतील तर नियम बदलतात, तेव्हा जाणकाराला विचारूनच पुढे जा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी मात्र प्रत्येकाने करावी. ती फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. पैसे मागणाऱ्या दलालाकडे जायची गरज नाही. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचं बिल गिऱ्हाइकाने फार तर 45 दिवसांत द्यायचं असतं. लेखी काही ठरलं नसेल तर 15 दिवसांत. त्यापुढे गेलं तर बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. एका मुलाचे हॉटेलच्या खोल्यांसाठी केलेल्या चित्रांचे पैसे अडकले होते. त्याने बिलाखाली उद्यम क्रमांक आणि ही एक ओळ लिहून पुन्हा पाठवलं. भांडण नाही, फोन नाही, पैसे आले.

शिष्यवृत्त्यांचंही असंच. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती आहे, सीसीआरटी या त्यांच्या सांस्कृतिक प्रशिक्षण केंद्रामार्फत मिळते. वय 18 ते 25, दोन वर्षं, दरमहा 5,000 रुपये. दृश्यकलाही तिच्यात येतात. आधी पाच वर्षांचं शिक्षण झालेलं असावं लागतं, म्हणून चार वर्षांची पदवी घेतलेल्याने शाळेपासून कुणाकडे शिकल्याचे दाखले जपून ठेवावेत. इनलॅक्स शिवदासानी प्रतिष्ठान तरुण चित्र-शिल्पकारांना पुरस्कार देतं. कोची बिनाले, म्हणजे केरळातलं मोठं कला प्रदर्शन, त्याची वेगळी विद्यार्थी बिनाले असते. इथे कला अकादमीच्या राज्य कला प्रदर्शनाच्या आणि कला व संस्कृती संचालनालयाच्या योजनांच्या जाहिराती येतात. मुलं त्या वाचत नाहीत, वडीलधारी वाचतात. कात्रण काढा, फोटो पाठवा, आणि शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी फोन करून ‘भरलास का?’ विचारा. तो फोन फार महत्त्वाचा.

अर्जासोबत कामाचे फोटो लागतात आणि त्यावरच निवड होते. चांगला फोन असलेल्या कुणीही हे करावं. चित्र सावलीत, उघड्या पडवीत उभं करा, सकाळी दहाच्या सुमारास. ऊन थेट नको, फ्लॅश नको. फोन चित्राच्या मध्याच्या बरोबर समोर धरा, वर-खाली तिरका नको. चारही कडा दिसू द्या, नंतर कापा. तैलचित्र चकाकत असेल तर ते जरा पुढे झुकवा. फाइलच्या नावात नाव, साल, माध्यम आणि इंचांतलं माप घाला.

जागा आणि घरचे

गोव्यात बंद घरं किती आहेत हे सांगायला नको. मालक मुंबईत, पुण्यात किंवा परदेशात, वर्षातून एकदा जत्रेला येतात. अशा घराची एक खोली किंवा पडवी अकरा महिन्यांच्या लेखी करारावर एखाद्या पदवीधराला द्या, भाडं नाममात्र ठेवा, वीजबिल त्याचं. घर उघडं राहतं, वाळवी वेळेवर दिसते आणि मुलाला मोठं काम करता येतं. भाड्याच्या दीड खोलीत पाच फुटी कॅनव्हास उभाच राहत नाही, म्हणून मुलं लहान चित्रं काढत राहतात आणि निवड समिती विचारते, मोठं काम कुठे आहे. टर्पेंटाइन आणि तेलाची फडकी बंद डब्यात ठेवायची आणि स्वयंपाकघरापासून लांब, एवढी अट मात्र करारात घाला. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप पेटू शकतो.

पालकांशी बोलणं हे ओळखीच्या मोठ्या माणसाचं काम. ‘बघ, लक्ष्मण पै’ असं म्हणून पालकांचं समाधान होत नाही. चित्रकार पै मडगावचे. पॅरिसमध्ये दहा वर्षं राहून आले, 1977 ते 1987 आपल्याच कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते, 2018 साली पद्मभूषण झाले. पालक म्हणतात, ते मोठे, आमचं पोर लहान. त्यांना दीनानाथ दलालांबद्दल सांगा. तेही मडगावचेच, 1916 साली जन्मले. मुंबईत जाऊन मुखपृष्ठं, कॅलेंडरं, जाहिराती करून त्यांनी संसार केला, ‘दीपावली’ अंक काढला, आणि मराठी घराघरांत त्यांची चित्रं पोचली. उपयोजित कलेचं शिक्षण घेतलेला मुलगा पॅकिंगचं डिझाइन करतो म्हणून तो चित्रकार उरला नाही असं कुणी म्हणू नये, घरच्यांनीही नाही आणि त्याच्या वर्गमित्रांनीही नाही.

बाहेर जायलाच हवं असंही आता राहिलं नाही. आल्तिनोवरच सुनापरान्त हे कला केंद्र आहे, पिळर्णला म्युझियम ऑफ गोवा आहे, 2016 पासून डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला उत्सव भरतो. अशा ठिकाणी चित्रं लावणं, मांडणी उभी करणं, पाहुण्यांना माहिती सांगणं ही पगारी कामं निघतात आणि मोठ्या कलाकारांचं काम कसं उभं राहतं ते आतून बघायला मिळतं. तुमच्या ओळखीने एखाद्या मुलाचं नाव तिथे पोचत असेल तर पोचवा, आणि पगार किती हे त्याच्या आधी तुम्ही विचारा.

आणखी एक काम ऑक्टोबरात करायचं असतं. पाऊस थांबला, हवा कोरडी झाली की मुलासोबत बसून त्याची सगळी चित्रं बाहेर काढा, पुसा, सुकवा आणि विकायच्या चित्रांची यादी करा. छोटा फोटो, माप, माध्यम, साल, किंमत. किंमत एकच, घरी वेगळी आणि दुकानात वेगळी नको. त्या यादीच्या प्रती तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांना, वकिलांना, हॉटेलवाल्यांना, घरं सजवून देणाऱ्यांना द्या. दिवाळीनंतर गोव्यात हंगाम सुरू होतो आणि नव्या जागांना भिंती भरायच्या असतात. माझ्याकडे अशा याद्यांची फाइल काउंटरवर असते. कुणी छापील निसर्गचित्र मढवायला घेऊन आलं तर माप घेण्याआधी मी ती फाइल त्यांच्यापुढे ठेवते.